उलट्या गल्लीतला सरळ माणूस

१

दुपारचा नमाज आटोपला की वहब उस्ताद सुलैमांच्या घराचे जिने चढून अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचा. बारा वर्षं हाच नेम. या वेळेला सगळं फुस्तात शहर जेवून सुस्तावायचं, वहबला मात्र त्या खोलीत गेल्याशिवाय जेवण पचत नसे.

खोलीत पाहण्यासारखं काही नव्हतं. जाड पडदे, चुन्याने घोटून पांढरीशुभ्र केलेली एक भिंत, आणि तिच्या समोरच्या झडपेत मसुरीचा दाणा कसाबसा जाईल एवढं भोक. बसायला तीन गाद्या. मधली उस्तादांची, उजवीकडची वहबची. डावीकडची कित्येक वर्षं रिकामी होती, आणि ती रिकामी होती तोवर वहबच्या आयुष्यात सगळं झकास चाललं होतं.

डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. तो वेळ हलक्या आवाजात कुराणातली यासीनची सूरा म्हणून काढायचा, ही उस्तादांची पद्धत. सूरा संपत आली की भिंतीवर बाहेरची गल्ली उमटायला लागे, रंगांसकट आणि अगदी उलटी. वर छताशी रस्ता, खाली जमिनीशी निळं आकाश. गाढवं पाय वर करून चालायची. पखालवाला पखालीसकट लटकत जायचा आणि थेंबभर पाणी सांडायचं नाही. समरकंदपासून अंदलूसपर्यंतचे विद्वान हा प्रकार बघायला येत. एक बडे काझी तर सूरा संपायच्या आत पळाले होते आणि त्यांचा फेटा खोलीतच राहिला होता.

उस्तादांनी उभा जन्म एकच गोष्ट पटवून देण्यात घालवला होता. डोळ्यातून काही बाहेर जात नाही. जुन्या ग्रीकांनी म्हटलं तशी नजर किरणासारखी सुटून वस्तूला शिवत नाही. प्रकाश वस्तूकडून आपल्याकडे येतो, सरळ रेषेत येतो, आणि बारक्या भोकातून येताना वरचा खाली जातो, खालचा वर. म्हणून त्या भिंतीवर जे दिसेल ते उलटंच दिसणार. यात खलिफालाही सवलत नाही, असं ते म्हणत आणि स्वतःच हसत.

त्या दिवशी वहबची सूरा संपली. छताशी एक उंट गेला, मग उसाची मोळी घेतलेला माणूस गेला. डाळिंबांच्या टोपलीशी दोन बायका घासाघीस करत होत्या, डोकी खाली, पाय वर. आणि भिंतीच्या कडेला, त्या सगळ्या लोंबकळणाऱ्या माणसांमध्ये, बोटाएवढा एक माणूस सरळ उभा होता. त्याचे पाय आकाशात होते आणि डोकं रस्त्याकडे.

वहबने डोळे चोळले. तो पुन्हा दिसला, मग एक ढग आला आणि भिंत विझली.

उस्तादांना सांगावं असं त्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगून करणार काय? हसं झालं असतं. चाळिशी उलटलेल्या माणसाने, बारा वर्षं घासल्यावर, सरळ माणूस दिसला म्हणून सांगायचं? आणि तेही डावीकडच्या गादीवर बसलेल्या त्या कार्ट्यासमोर? वहबने गप्प बसायचं ठरवलं.

२

त्या कार्ट्याचं नाव हम्माद. दोन वर्षांपूर्वी मोसुलहून आला होता. खांद्यावर एक झोळी, अंगावर ठिगळं लावलेला झगा, आणि डोकं असं की पाहणाऱ्याच्या पोटात दुखावं. वहबला जे गणित उलगडायला अख्खा रमजान लागला, ते याने जेवताना माशाचे काटे काढता काढता सोडवलं होतं. वर नम्र. हम्माद जरा उर्मट असता तर वहबचं निम्मं दुखणं कमी झालं असतं.

उस्ताद यंदा हजला निघणार होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, वय झालं होतं, परत येण्याचा भरवसा त्यांचा त्यांनाच नव्हता. निघण्याआधी ते मधली गादी कुणाच्या तरी हवाली करणार होते. मधली गादी म्हणजे ती खोली, शिकवण्याची लेखी मुभा आणि त्यांचं नाव. वहबने या गादीसाठी खलिफाच्या ज्ञानगृहातली पोटभरीची जागा नाकारली होती, बायकोचे टोमणे खाल्ले होते, स्वतःचे डोळे अधू करून घेतले होते. ती एकालाच मिळणार होती.

उस्तादांना आता भिंत दिसत नसे. मधल्या गादीवर ते नुसते बसून असत, आणि नंतर खालच्या दिवाणखान्यात एकेका शिष्याला वेगळं बोलावून काय पाहिलं ते विचारत. एकाने सांगितलेलं ते कानाआड करत. दोघांनी वेगवेगळं येऊन तेच सांगितलं तरच खरं धरत. काझीच्या दारात साक्ष चालते तशी इथेही चाले, आणि या शिस्तीबद्दल उस्तादांना चारचौघांत मान होता.

दुसऱ्या दिवशी हम्माद आधी दिवाणखान्यात गेला. बराच वेळ लागला. मग वहबला हाक आली.

"बस रे, वहब. आज भिंतीवर काही निराळं?"

"काही नाही, उस्ताद. रोजचीच गल्ली."

"नीट आठव."

"उंट होते. तो उकडलेले दाणे विकणारा तुर्मुसवाला होता, त्याची गाडी पुन्हा गटारात अडकली. बाकी काय असणार?"

उस्ताद दाढीवरून हात फिरवत राहिले. "हम्माद म्हणतो, एक माणूस सरळ उभा होता."

वहबच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस त्यालाच आधी दिसला होता! कालच! त्याने लाजेकाजेने मूग गिळले आणि हा मोसुलचा पोरगा बिनधास्त बोलून मोकळा झाला. आता आपण 'हो' म्हटलं की काय होणार हे वहबला लख्ख दिसलं. दोन साक्षी जुळतील, उस्तादांच्या आयुष्यभराच्या सिद्धांताला कुणी न पाहिलेला अपवाद सापडेल, आणि तो शोधून काढणारा म्हणून कागदवाल्यांच्या बाजारात नाव गाजेल ते हम्मादचं. वहब त्याचा साक्षीदार, एवढंच.

"सरळ?" वहब हसला. "उस्ताद, पोर रात्र रात्र जागतं. उपाशी पोटी मलाही एकदा छतावर खजुराचं झाड दिसलं होतं."

"म्हणजे तू नाही पाहिलास."

"नाही."

"बरं," उस्ताद म्हणाले. "तू मला कधी खोटं सांगितलेलं नाहीस. सोडून देतो मग."

वहब बाहेर आला. हम्माद जिन्याशी आशेने उभा होता. वहबने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, "जेवत जा रे वेळेवर."

३

"त्या मोसुलच्या मुलाला एकदा जेवायला घेऊन या की," त्या संध्याकाळी सुकैना म्हणाली. सुकैना म्हणजे वहबची बायको, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. "आज बाजारात भेटला. माझी टोपली उचलून थेट दारापर्यंत आणली. किती वाळलाय तो!"

"वाळू दे."

"अहो, असं काय बोलता? त्याने तुमचं काय घोडं मारलंय?"

"तुला सगळ्या गावचा पुळका. माझी टोपली मी उचलली तर तू कधी बघितलंस?"

"तुम्ही उचलली असती तर बघितलं असतं ना," सुकैना म्हणाली आणि मुलुखियाच्या पालेभाजीचं पातेलं त्याच्यासमोर आदळलं.

वहबला घास गेला नाही. हम्माद बाजूला राहिला, खरी बोच वेगळी होती. त्याने खोटं सांगितलं होतं ते माणसाबद्दल नव्हे, तर भिंतीबद्दल, आणि त्या भिंतीवर त्याचा देवाखालोखाल विश्वास होता. म्हणून त्याने बुद्धी कामाला लावली. सरळ माणूस दिसतो याला कारण हवंच. पाण्यात पडलेलं प्रतिबिंब आधीच उलटं असतं. ते भोकातून आलं तर पुन्हा उलटून सरळ होईल. म्हणजे गल्लीत कुठेतरी पाणी साचलंय किंवा चकचकीत पितळ आहे. एवढी साधी गोष्ट! वहबला इतका आनंद झाला की त्याने थंड झालेलं मुलुखिया भाकरीने पुसून खाल्लं.

सकाळीच तो गल्लीत उतरला. गुरांची डोणी रिकामी पडली होती, नाईलचं पाणी अजून चढायचं होतं. समोर तांबटाचं दुकान होतं, त्याच्या ओट्यावर एक मोठी परात उन्हात लकाकत होती.

"ही परात आत घे, अबू मन्सूर."

"का? परातीने तुमच्या शास्त्राचं काय वाकडं केलं?" तांबट म्हणाला.

"घे म्हटलं ना."

"घेतो बाबा. शहाण्यांच्या गल्लीत दुकान टाकलं ते माझंच चुकलं!"

परात आत गेली. वहबने जातीने उभं राहून ओली फडकीसुद्धा उचलायला लावली. दुपारी भिंतीवर गल्ली उमटली, कोरडी ठणठणीत. सरळ माणूस होताच. आता तो बोटाएवढा नव्हता, वीतभर झाला होता.

४

भोकापासून लांब असलेली वस्तू लहान दिसते, जवळ येते तशी मोठी. हे वहब नव्या शिष्यांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. त्यामुळे वीतभर म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दिवसागणिक तो माणूस वाढत होता. गल्लीतली माणसं त्याच्या अंगावरून जात, गाढवं जात, तो हलत नसे. पांढुरका झगा, अंगाला चिकटलेले हात. तोंड नीटसं दिसत नव्हतं, पण कुठे वळलंय ते कळत होतं. रोज उस्ताद विचारायचे, रोज हम्माद सांगायचा, आणि रोज वहब म्हणायचा, "नाही, उस्ताद. काही नाही." आता मागे फिरायची सोयही नव्हती. आज हो म्हटलं तर कालचं नाही खोटं ठरलं असतं.

एके दिवशी वहब वेळेआधीच एकटा खोलीत गेला. यासीन म्हणून झाली, गल्ली आली, तो आला. वहब उठला, झडपेशी गेला आणि भोकावर अंगठा दाबून धरला.

गल्ली गेली. उंट, उन्ह, डाळिंबं, सगळं एका क्षणात पुसलं गेलं. खोली काळीकुट्ट झाली.

माणूस गेला नाही.

राख चढलेल्या निखाऱ्याइतका फिका, पण तिथेच, भिंतीवर, पाय जमिनीकडे. वहबची मती गोठली तरी तिचं काम चालूच होतं. तेजाळ वस्तू पाहिली की डोळे मिटल्यावरही ती थोडा वेळ दिसत राहते. हे ठाऊक आहे आपल्याला. डोळ्याचा थकवा, दुसरं काय? जाईल आपोआप. तो अंगठा दाबून उभा राहिला. अंगठ्याखाली झडपेचं लाकूड उन्हाने तापलेलं होतं. त्याने पूर्ण सूरा पुन्हा एकदा म्हटली, दोनदा चुकला. संपल्यावर बघितलं तर माणूस होता.

मग त्याच्या लक्षात आलं की त्या माणसाचं तोंड वहबकडे नाहीच. आत आल्यापासून ते डाव्या गादीकडे होतं, हम्मादच्या रिकाम्या गादीकडे. आणि रोजच तिकडेच असायचं.

यानंतर वहबला जे वाटलं ते भीतीहून वेगळं होतं. भीती होतीच. पण तिच्यावर चढून बसली ती जुनीच आग. बारा वर्षं या अंधारात आपण बसतोय. आधी आपण पाहिलं. आणि हे जे काही आहे, जिन असो, इब्लीस असो, देवाचा दूत असो, त्यालाही भेटायचंय ते हम्मादलाच! इथेही त्याचाच मान! वहब रडण्याच्या बेतात आला आणि तो अंगठा काढून खाली पळाला.

५

"वहबभाई, एक शब्द होता."

हम्मादने त्याला कागदवाल्यांच्या बाजारात गाठलं. चार दिवसांत तो ओळखू येईना असा झाला होता, डोळे खोल गेले होते. बाजारात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. एक नक्कलनवीस मुद्दाम खोकला आणि शेजारच्याला म्हणाला, "सरळ उभा राहा रे, मोसुलचे हुजूर येतायत!" दोघे खिदळले. ही बातमी बाजारात कुणी पोचवली ते वहबला ठाऊक होतं, कारण ती त्यानेच पोचवली होती.

"बोल."

"तुम्हालाही तो दिसतो."

"हम्माद, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुम्ही श्वास रोखता, वहबभाई. तो वाढला की तुमचा श्वास थांबतो. मला शेजारून ऐकू येतं." तो अगदी हळू बोलत होता. "मला नाव नको. तुम्ही म्हणा, तुम्हीच पाहिलं. मी शपथेवर सांगेन की वहबभाईंनी आधी पाहिलं. गादी तुमचीच आहे, मी बापाच्या कबरीची आण घेऊन बाहेर पडतो. फक्त एकदा उस्तादांसमोर म्हणा की आहे तो."

"आणि म्हटल्याने काय होणार?"

"एकट्याला दिसतो तोवर तो एकट्याचाच असतो," हम्माद म्हणाला. "दोघांचा झाला तर कदाचित... मला माहीत नाही. काल तो भिंतीच्या निम्म्यापर्यंत आला."

"मग जाऊ नकोस ना खोलीत! कुणी बांधून ठेवलंय?"

"मी घरी झोपतो तिथली भिंतही पांढरीच आहे," हम्माद म्हणाला.

वहबच्या मनात क्षणभर काहीतरी हललं. या पोराने सुकैनाची टोपली उचलली होती, हे त्याला तेव्हाच का आठवावं? पण मग त्याने ते वाक्य पुन्हा मनात घोळवलं. 'गादी तुमचीच आहे.' म्हणजे हम्माद ती देणार, आणि वहबने ती घ्यायची! हम्मादच्या दानावर मधल्या गादीवर बसायचं! त्याच्या औदार्याने वहबच्या जखमेवर मीठच चोळलं.

"मला काही दिसत नाही," वहब म्हणाला. "हकीमाला दाखव."

६

दुसऱ्या दिवशी जायचंच नाही असं ठरवून वहब घरी बसला, आणि न राहवून उशिरा गेला. उस्तादांचं घर शांत होतं. वरच्या दारापाशी हम्मादची पायताणं होती, टाचा झिजलेली, एकाला एक लावून नीट ठेवलेली. दार आतून लोटलेलं होतं.

आत यासीन चालली होती. वहबने दाराला हात लावला आणि थांबला. आत दोन आवाज होते.

एक हम्मादचा, तो घोगरा आणि घाईचा. दुसरा मोठ्या माणसाचा, संथ. वहबच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला आणि त्यासरशी रक्तही चढलं. उस्ताद! उस्ताद आत होते! वहबला वगळून, त्याची वेळ टळल्यावर, दार लोटून घेऊन हम्मादला एकांतात शिकवणी चालली होती. गुरूने जाण्याआधी आवडत्या शिष्याला द्यायचं असतं ते देणं चाललं होतं. तरीच! तरीच रोज विचारायचे आणि नुसतंच 'बरं' म्हणायचे!

वहब जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. ओठ चावत ऐकत राहिला. संतापाने त्याचे कान इतके तापले होते की जे ऐकू येत होतं ते विचित्र आहे, हे ध्यानात यायला वेळ लागला.

दुसरा आवाज आधी अर्धा शब्द मागे होता. पाठांतर नसलेला माणूस शेजारच्याच्या आधाराने म्हणतो तसा. थोड्या वेळाने तो बरोबरीने आला. काही आयती, म्हणजे सूरेतल्या ओळी, दोघे अगदी एका सुरात म्हणत होते. मग दुसरा आवाज अर्धा शब्द पुढे गेला, आणि आता हम्माद त्याच्या मागून म्हणत होता, अडखळत. मग हम्माद थांबला. एकच आवाज राहिला, संथ, न चुकता, श्वास न घेता.

खालून काठीचा टकटक आवाज आला. जिन्याच्या वळणावर उस्ताद सुलैम दिसले, भिंत चाचपत चढणारे.

"कोण बसलंय तिथे? वहब?"

वहब ताडकन उठला. "उस्ताद... तुम्ही खाली होता?"

"झोपलो होतो." म्हातारा थबकला आणि मान कलती केली. "आत कोण म्हणतंय रे? हा हम्मादचा आवाज नाही."

आतला आवाज आयतीच्या अर्ध्यावरच थांबला.

दार वहबने उघडलं. पडदे जागच्या जागी होते. झडपेचे खिळे जागच्या जागी होते. भिंतीवर उलटी गल्ली होती, तांबट पाय वर करून परात घासत होता. सरळ उभं कुणीही नव्हतं. डाव्या गादीवर बसून पडलेला खड्डा अजून भरत होता, कापूस हळूहळू वर येत होता. खोलीला दुसरं दार नव्हतं.

७

लोकांनी दोन दिवसांत ठरवून टाकलं. पोरगा लाजून मोसुलला पळाला. अनवाणी का पळाला, असं सुकैनाने विचारलं, तर शेजारणी म्हणाल्या की वेड लागलेल्याला चपलांची शुद्ध कुठली? सुकैना ती पायताणं घरी घेऊन आली आणि पुसून फळीवर ठेवली. नवऱ्याशी ती आठवडाभर नीट बोलली नाही.

वहबने स्वतःची समजूत घालायला शास्त्रच वापरलं. बायाबापड्या म्हणतात तशी मत्सरी माणसाची नजर लागते, पण ती लागायची तर डोळ्यातून काहीतरी बाहेर पडायला हवं. डोळ्यातून काही बाहेर पडत नाही. हे उस्तादांनी सिद्ध केलंय. म्हणजे हम्मादकडे आपण कशाही नजरेने बघितलं असलं तरी त्याचं काही होणं शक्य नाही. हा विचार त्याला दिवसा पटायचा.

हजचा काफिला निघायच्या आदल्या दिवशी उस्तादांनी त्याला दिवाणखान्यात बोलावलं. मग म्हणाले, "दाराशी मी एक आवाज ऐकला. हम्मादचा नव्हता, घरातल्या कुणाचा नव्हता. मी एकट्याने ऐकलेलं मी धरत नाही, हे तुला माहीत आहे. तू माझ्या आधीपासून बसला होतास. तू काय ऐकलंस?"

वहबला त्या क्षणी सगळं बोलून टाकायची अनावर इच्छा झाली. म्हाताऱ्याचे पांढरे पडलेले डोळे त्याच्याकडे लागले होते आणि त्यांत विनवणी होती, अगदी बाजारातल्या त्या पोराच्या डोळ्यांत होती तशी. शेजारी मेजावर शिकवण्याच्या मुभेचा कागद होता. नावाची जागा कोरी होती.

"हम्मादचाच आवाज होता, उस्ताद. घसा बसला होता त्याचा."

उस्तादांचे खांदे खाली आले. "बरं," ते म्हणाले. "मग मीच चुकलो असेन. लिही तुझं नाव." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोरगा फार चांगला होता. मी त्याचंच नाव घालणार होतो."

वहबने नाव लिहिलं. अक्षर सुरेख आलं.

८

काफिला गेला. घर, खोली आणि खालच्या कपाटाच्या किल्ल्या वहबकडे आल्या. उद्यापासून शिष्य येणार होते, त्यांत एक तर पार अंदलूसमधल्या कुर्तुब्याचा. सुकैनाने त्याचा ठेवणीतला झगा काढून दिला. "मिळालं ना एकदाचं? आता तरी सुखाने दोन घास खा," ती म्हणाली.

दुपारच्या नमाजानंतर तो एकटाच वर गेला. आज डाव्या-उजव्या गादीचा प्रश्न नव्हता. तो मधल्या गादीवर बसला, मांडी घातली, ठेवणीतला झगा गुडघ्यांवर सारखा केला. गादी त्याला वाटलं होतं त्यापेक्षा टणक होती. त्याने सूरा म्हटली नाही. यासीन म्हणायला आता जीभ उचलत नव्हती. नुसताच बसला.

गल्ली आली, आणि त्याबरोबर तोही आला.

आता तो माणसाएवढा होता. भिंतीवर होता की भिंतीच्या अलीकडे, हे त्या उजेडात सांगता आलं नसतं. उलटी माणसं त्याच्या झग्यावरून चालली होती. वहबने नजर उचलली आणि त्या तोंडाकडे पाहिलं. निदान आज तरी! आज खोलीत दुसरं कुणी नव्हतं. वारस तो होता, नाव त्याचं होतं.

तोंड डाव्या गादीकडे वळलेलं होतं.

"इकडे," वहब म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. "अरे, इकडे बघ. तो नाहीये तिथे. गेला तो!"

काही हललं नाही.

"मी आधी पाहिलं तुला! त्याच्या एक दिवस आधी. ऐकतोयस ना? मी पाहिलं होतं, मीच पाहिलं होतं, रोज पाहिलं!" त्याने कुणापुढेही न दिलेली साक्ष त्या पांढऱ्या भिंतीपुढे एका दमात देऊन टाकली. गालांवरून पाणी वाहत होतं. "बारा वर्षं बसलोय मी इथे. बारा वर्षं! त्याच्यात असं काय होतं?"

तो डावीकडेच बघत राहिला, शांतपणे, एखाद्याची वाट पाहावी तसा.

मग वहबला राहवेना. त्या नजरेत एकदा तरी यायचं, मग पुढे काहीही होवो, एवढंच त्याच्या डोक्यात उरलं. तो मधल्या गादीवरून उठला. दोन्ही हात टेकत, अंधारात रांगत, डाव्या गादीवर गेला आणि हम्मादच्या जागेवर मांडी ठोकून बसला. तोंड वर करून, डोळे ताणून, त्याच्या अगदी समोर.

समोरचं तोंड हळूहळू वळू लागलं. वहबच्या चेहऱ्यावरून ते पुढे सरकलं, कुठेही न थांबता, आणि खोलीच्या मध्यावर जाऊन स्थिरावलं.

शेजारी झग्याची सळसळ झाली. मधली गादी दबल्याचा आवाज आला. कुणीतरी सावकाश, सवयीच्या माणसासारखं, तिच्यावर बसलं. वहबने मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती, तो श्वास त्याने दोन वर्षं याच अंधारात शेजारून ऐकला होता.

"बसलात ना नीट, वहबभाई?" हम्माद मायेने म्हणाला. "मग सुरू करू या."

खाली गल्लीत तुर्मुसवाला ओरडत चालला होता. वहबने मान खाली घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, शिष्याने गुरूपुढे ठेवावेत तसे.